सात नंबर परत आली!

चिमूटभर विष्ठा द्या, जनावराची कुंडली मांडून देतो! फुशारकी नाही, अकरा वर्षं बिश्केकच्या प्रयोगशाळेत मी हेच करतोय. डीएनएमध्ये काही ठिकाणी तीच दोन-चार अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, बोबड्या पोरानं एकच शब्द घोळवावा तशी! कुणाची बारा वेळा, कुणाची सतरा वेळा. प्रत्येक ठिकाणी एक आकडा आईचा, एक बापाचा. अशी दहा ठिकाणं मोजली की हा हिमबिबट्या नेमका कोणता, ते पक्कं.

सात नंबर ही नारिनच्या वरच्या डोंगरातली मादी. तिची विष्ठा आम्हाला पाठवायची बात्मा एजे; थोरल्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात. सत्तरीची म्हातारी, नवरा गेल्यापासून मेंढ्या राखत एकटी राहते. सात नंबरनं तिच्या चार मेंढ्या फस्त केल्या होत्या. मग दोन हिवाळे बया दिसलीच नाही.

"मेली असेल तर तसं सांग रे सागिन," एजे फोनवर म्हणाली. "म्हणजे शिव्या देणं तरी थांबवते!"

"एजे, चार मेंढ्या खाल्ल्या तिनं तुझ्या!"

"खाऊ दे की! हिवाळ्यात माझ्या दाराशी दुसरं कोण येत होतं?"

मार्चमध्ये एजेकडून विष्ठेची नवी नळी आली. नियम असा, की आधी प्राणी कोणता ते तपासायचं, मग मोजणी तीनदा करायची. पण मला कुठला धीर! थेट मोजायलाच घेतलं, तेही एकदाच. वीसपैकी वीस आकडे सात नंबरशी जुळले! अहो, सख्ख्या बहिणींचेही इतके जुळत नाहीत!

मी खुर्चीवरून उडालोच. सालिमा मॅडम, म्हणजे आमच्या साहेब, रजेवर होत्या. विचारायला कोणी नव्हतं, मग काय, लावला फोन!

"एजे, सात नंबर परत आली!"

पलीकडे बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज. मग हुकूम सुटला, "शनिवारी ये. मेंढी कापते."

शनिवारी सहा तास शेअर टॅक्सीत घुसळून निघालो आणि पोचलो. दारात चाळीस माणसं! एक आजोबा सरळ डिकीशी गेले आणि वाकून बघायला लागले.

"कुठाय?"

"कोण?"

"बिबटी! तू घेऊन आलास म्हणे!"

"आजोबा, ती डोंगरात आहे!"

"मग तू कशाला आलास?" आजोबा म्हणाले, आणि रुसल्यासारखे जेवायच्या पंगतीकडे गेले.

मानाचा पाहुणा म्हणून माझ्यापुढे मेंढीचं उकडलेलं डोकं आलं. एजेनं ठेवणीतला रेशमी रुमाल बांधला होता. मी सुरी उचलली, रिवाजाप्रमाणे त्याचा कान कापणार, तोच फोन वाजला. सालिमा मॅडम! रजेवरून परतल्या होत्या.

"सागिन, एजेची नळी तर इथे सीलबंद आहे! मग तू मोजलंस तरी काय?"

मी सुरी खाली ठेवली. "मॅडम, माझ्या टेबलावर, पेनांच्या डब्यात एक नळी..."

"तिच्यावर सात नंबर लिहिलंय! दोन वर्षांपूर्वीची तारीख आहे! अरे, विसातले वीस जुळणारच की! माणसाचा फोटो त्याच फोटोशी ताडून बघितलास तू!"

नवी नळी मी त्या डब्याशेजारीच ठेवली होती. गडबडीत जुनीच उचलली गेली.

एजेला घराच्या मागे नेऊन सगळं सांगितलं. ती कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली.

"म्हणजे ती नळी तिचीच निघाली?"

"हो."

"मग चुकलं कुठे?"

"एजे, ती नळी जुनी आहे. सात नंबर परत आलेली नाही."

आतून लोकांच्या हसण्याचा आवाज येत होता. एजे समोरच्या कड्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हीच माझे कान कापणार!

"जुनी नळी टेबलावर कशाला ठेवली होतीस?"

"अशीच."

"अशीच म्हणे!" ती रुमालाची गाठ सोडत म्हणाली. "म्हाताऱ्याची टोपी मीपण खुंटीवर अशीच ठेवलीय."

मग ती आत गेली आणि चाळीस माणसांना म्हणाली, "खबर खोटी आहे, मटण खरं आहे. जेवा!" स्वतः मात्र चहाशिवाय काही घेतलं नाही. निघताना मी मागे वळून पाहिलं, तर म्हातारी कड्याकडे तोंड करून ठणठणीत आवाजात सात नंबरला शिव्या देत होती.

परत येऊन मी खरी नळी तपासली. या वेळी तीनदा! कोल्हा निघाला. फोन करून सांगितलं, तर एजे म्हणाली, "बरं. तो तरी येऊन जातो."

तेव्हापासून दर आठवड्याला तिची नळी येते. मी तपासतो, आणि निकाल आला की फोन करतो. मागच्या सोमवारची नळी तीन दिवस खपून तपासली. कुत्रा!

"एजे, हा कुत्रा आहे! गावातलाच कुणाचा तरी!"

"कुणाचा तरी काय? माझाच आहे. ठाऊक आहे मला."

"मग पाठवलंस कशाला?"

"नाही पाठवलं, तर तू फोन करतोस का रे?"

आता तुम्हीच सांगा, हे अहवालात कुठल्या रकान्यात लिहू?