नानांची अकंपनी

२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शेजारचे नाना सकाळीच दारात येऊन म्हणाले, "आबा, कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत मला अकंपनी करा." मी सांगून टाकलं, जन्मभर पाइपच्या कंपनीत राबलो, आता कुठल्याच कंपनीत येणार नाही.

नाना भुसावळला रेल्वेत हेडक्लार्क होते. रिटायर झाल्यावर जळगावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले. मी चौथी नापास. मला कोणी शिकवलेलं चालत नाही आणि नानांना शिकवल्याशिवाय चैन पडत नाही. इंग्रजी त्यांना ढीगभर येत असेल, पण जीव या एका शब्दावर. सोबत जाणं म्हणजे अकंपनी. भाजीवालीला विचारायचे, "या वांग्यांना मिरच्या अकंपनी करतील का?" ती म्हणायची, "कंपनीच्या नाहीत नाना, शेतातल्या आहेत." गल्लीत कोणी वारलं की तिरडीमागे चालताना माझ्या कानात सांगायचे, स्मशानापर्यंत आपण अकंपनी करू, पुढे त्यांचं ते बघतील.

त्या शब्दाला कोणी 'विथ' जोडला तर त्यांना ठसकाच लागायचा. सोबत आतच आहे, वरून 'विथ' कशाला? टोपीवर टोपी.

एका संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी शब्दाचं मूळ काढलं. याच्या पोटात म्हणे जुन्या लॅटिन भाषेतली भाकरी आहे. एकत्र भाकरी खातात ते सोबती. साहेबाच्या शब्दात भाकरी कुठून येणार? मी हटून बसलो.

"अशक्त म्हंजे शक्ती नही तो," मी म्हणालो. "तसं ज्याले कंपनी नही, तो अकंपनी."

आता रात्र होईस्तोवर व्याकरण ऐकावं लागणार, असं वाटलं. पण नानांनी चष्मा काढून पुसला.

"ही गेल्यापासून एकटाच जेवतो," ते म्हणाले. "तुमचाही अर्थ लागू पडतो, आबा."

आणि चुकीला चूक न म्हणता हा माणूस उठून आत गेला. जिंकलो होतो मी, पण जेवताना ताट अर्धं टाकून उठलो. सुनेला वाटलं, मीठ कमी पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या गरम भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून त्यांच्याकडे गेलो. अर्थ माझाच बरोबर होता, हे आधी बजावलं. मग एक भाकरी मोडून अर्धी त्यांच्यापुढे ठेवली.

"भाकरीले विथ लावला नही, नाना," मी म्हणालो. "खा."