भेंडवाडीची रेघ

महादेव इंगोले यांच्याविषयी मी आजवर पुष्कळ बोललो आहे. आमच्या निवृत्तांच्या मंडळात दर महिन्याला चहाबरोबर इंगोल्यांची एखादी गंमत सांगायची, हे काम जणू माझ्याकडेच लागलेलं होतं. लोक हसायचे. मी बरा सांगतो, असं म्हणतात. पण दर वेळी एका जागी आलो की मी थांबायचो आणि दुसरा विषय काढायचो. ती जागा मी तीसेक वर्षं टाळली. आता मला अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली आहेत, आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते ऐकायला उरलेले नाहीत. या वेळी सुरुवात गमतीपासूनच करतो, पण थांबणार नाही.

इंगोल्यांच्या पँटच्या डाव्या खिशात कायम चिंचोके असत. चालताना शंभर पावलं झाली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात जायचा. मुक्कामी पोचले की उजवा खिसा मोजायचे आणि अंतर सांगायचे. टेप लावून पाहिलं तर फरक फार तर दहा-वीस पावलांचा. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकायला त्यांनी चुकीच्या खिशात हात घातला आणि नवऱ्या मुलाच्या फेट्यावर दोन चिंचोके आपटले. मुलानं वर पाहिलं. इंगोले शांतपणे मला म्हणाले, "हॉल स्टेशनपासून एकोणीस चिंचोके हाये. पत्रिकेत पाच मिनिटं लिहून राहिले."

ते आमच्या कार्यालयात आरेखक होते, म्हणजे नकाशे काढणारे. मी उपअभियंता. आमच्याकडे जिल्ह्यातले खेड्यापाड्यांचे रस्ते होते. रस्त्यांमध्येही उतरंड असते. वर महामार्ग आणि राज्यमार्ग, मग जिल्ह्याचे मोठे मार्ग, आणि अगदी तळाला ग्रामीण मार्ग. त्यांना नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, आणि बहुतेक एखाद्या वाडीशी जाऊन ते संपतात. कार्यालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दोष कार्यालयाचा नव्हता.

इंगोले मूळचे वऱ्हाडातले, दर्यापूरकडचे. पण आमच्या जिल्ह्यातले हे तळाचे रस्ते त्यांना जितके पाठ होते, तितके आम्हा पुण्यात जन्मलेल्यांना आमच्या गल्लीतले बोळही नव्हते. नवा शिपाई रुजू झाला की ते नाव विचारत नसत, गाव विचारत. "तुमच्या गावाले दोन रस्ते. देवळाच्या अंगानं जाऊ नका, तिकडची मोरी खचली हाये." शिपाई थक्क व्हायचा. पुढच्या सुट्टीत गावी जाऊन यायचा आणि सांगायचा, खरंच खचली आहे.

शहरात मात्र ते हमखास चुकायचे. आमच्याकडे कोथरूडला सत्यनारायणाला बाराचं बोलावणं होतं, आले चार वाजता. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून कोथरूडपर्यंत वेळेत पोचले होते. पुढे एका गृहस्थांना त्यांनी आमच्या सोसायटीचा पत्ता विचारला. गृहस्थ म्हणाले, "माहीत आहे. पण आपण चुकीच्या बाजूनं आलात," आणि दार लावून घेतलं. इंगोल्यांना त्याचा राग आला नव्हता. ते हिला म्हणाले, "वहिनी, खेड्यातला माणूस चुकीचा सांगते, पण सांगते."

आणि त्यांचं ते पालुपद. "पायी गेलते का?" कोणी काहीही ठामपणे सांगितलं की इंगोले चष्म्यावरून पाहायचे आणि हेच विचारायचे. स्थळ चांगलं आहे, घर बसस्टॉपला लागून आहे. पायी गेलते का? अमक्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे. पायी गेलते का? आमच्या एका साहेबांनी बैठकीत सांगितलं की तालुक्यातल्या सगळ्या वाड्या रस्त्यांनी जोडल्या गेल्या आहेत. मागच्या रांगेतून आवाज आला. साहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि चहा मागवला.

त्यांच्या नकाशाचा नियम त्यातूनच आला होता. बारमाही रस्ता अखंड रेघेनं दाखवायचा, गाडीवाट तुटक रेघेनं. हे सगळेच करतात. पण इंगोले स्वतः चालून आल्याशिवाय तुटकची अखंड करत नसत. रविवारी स्वतःच्या खर्चानं जायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, एवढ्याशा तुकड्यासाठी कशाला?" ते म्हणाले, "साहेब, मोठा रस्ता कोणीही दाखवते. माणूस अडकते ते शेवटच्या तुकड्यात."

इथपर्यंत मी मंडळात सांगत आलो. आता पुढचं.

भेंडवाडी नावाची तीस-पस्तीस घरांची वाडी आहे. फाट्यावरून तिथवर तीन किलोमीटरचा ग्रामीण मार्ग मंजूर झाला होता. वाटेत एक ओढा. मी पाहणीला गेलो. ओढ्यापर्यंत खडी पडून दबली होती. पलीकडे काम चालू आहे, महिन्याभरात ओढ्यावर फरशी, म्हणजे पाण्याच्या पातळीवरचा बुटका पूलही होईल, असं मला सांगण्यात आलं. ओढ्यात गुडघाभर पाणी होतं आणि माझे बूट नवे होते. बुटांचं हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. मी जीप वळवली, फाट्यावर चहा घेतला आणि अहवालात लिहिलं, "रस्ता पूर्ण. बारमाही वाहतुकीस योग्य."

त्याच सुमारास तालुक्याचा नवा नकाशा तयार होत होता. इंगोल्यांनी ओढ्यापुढे तुटक रेघ काढली होती. चार छोटे तुकडे, मध्ये तीन फटी. मी त्यांच्या टेबलाशी गेलो आणि म्हणालो, "हा रस्ता झालाय. माझा अहवाल आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पायी गेलते का, साहेब?"

शेजारच्या टेबलावरची दोन पोरं हसली. मी माझ्या खोलीत आलो.

त्या शनिवारी इंगोले गावी गेले होते. नकाशा सोमवारी छपाईला जायचा होता. दुपारी आरेखनाची खोली रिकामी होती, नकाशाचं कपाट उघडं होतं. मी त्यांच्याच स्टुलावर बसलो, त्यांचंच पेन घेतलं आणि तीन फटी भरल्या. पाच मिनिटंही लागली नसतील. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, "आरेखक : म. ना. इंगोले". ते मी वाचलं. वाचून कपाट बंद केलं.

नकाशाच्या प्रती तालुक्यात सगळीकडे गेल्या. पुढच्या पावसाळ्यात आरोग्य केंद्राची जीप भेंडवाडीला निघाली. चालक नवा होता. ओढ्याशी आला तेव्हा पाणी वाहत होतं, पण केंद्राच्या भिंतीवरच्या नकाशात रस्ता अखंड होता. पाण्याखाली फरशी असणार, असं समजून त्यानं गाडी घातली. फरशी नव्हतीच. पलीकडच्या शेतकऱ्यांनी जमीन द्यायला नकार दिल्यामुळे काम ओढ्याशीच थांबलं होतं. जीप उलटली. चालक वाचला, पण त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. तो पुढे कायम लंगडत चालला.

चौकशी बसली. साहेबांच्या टेबलावर मूळ नकाशा पसरलेला होता. मी एका बाजूला, इंगोले दुसऱ्या. माझा अहवाल फायलीतच होता; तो कोणी मागितला नाही, मीही काढला नाही. साहेबांनी विचारलं, "ही रेघ तुमची?"

इंगोल्यांनी खिशातून भिंग काढलं. रेघेवरून ते सावकाश नेलं आणि ओढ्याशी थांबले. आरेखकाला हात ओळखू येतो, जसं आपल्याला अक्षर ओळखू येतं. त्यांनी मान वर केली आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. एखादा रस्ता नकाशाप्रमाणे निघाला नाही की ते जसं पाहायचे, तसं.

मी टेबलावरचा पेपरवेट पाहत होतो.

"कोपऱ्यात माझं नाव हाये, साहेब," ते म्हणाले. एवढंच.

त्यांची मुख्य आरेखकाची बढती गेली. नकाशे काढून घेतले आणि त्यांना तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे नऊ वर्षं, ते तिथेच होते. मला त्यानंतर दोन बढत्या मिळाल्या. जिन्यात भेटले की ते "नमस्कार साहेब" म्हणायचे. फक्त मला ते पालुपद पुन्हा कधी विचारलं नाही. बाकी सगळ्यांना विचारायचे.

निवृत्तीनंतर त्यांच्याविषयी एक नवीच गंमत कानावर येऊ लागली. इंगोले दर गुरुवारी सकाळी विश्रांतवाडीहून बसनं निघतात, बसमागून बस बदलतात आणि भेंडवाडीला जातात. म्हणे पाण्याची बाटली, भाकरी आणि खिसाभर चिंचोके. मंडळात तर्क चालायचे. जमीन घेतली असेल, कोणी बुवा गाठला असेल. त्या गमतीवर मीसुद्धा हसलो आहे. ते कशासाठी जात असतील याचा अंदाज त्या खोलीत फक्त मलाच येण्यासारखा होता.

अकरा वर्षांनी त्यांचा फोन आला. "साहेब, भेंडवाडीचा नकाशा आता खरा झाला. येता का पाहाले? पण पायी."

गेलो. तोवर मी सत्तरीकडे झुकलो होतो, ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. फाट्यावरून चालायला लागलो. चालता चालता त्यांनी सगळं सांगितलं, फार काही विशेष नसल्यासारखं. पलीकडच्या सात शेतकऱ्यांची संमती त्यांनी मिळवली होती. शेवटच्या एकाला चार वर्षं लागली, कारण तो भावाशी बोलत नव्हता आणि बांध दोघांचा होता. मोजणी स्वतः केली, पुलाचा कच्चा आराखडा काढून दिला, अर्ज लिहिले, आमच्याच जुन्या कार्यालयाच्या बाकावर जाऊन बसले. मध्येच बोलणं थांबायचं, एक चिंचोका खिसा बदलायचा, मग पुढे.

ओढ्यावर छोटा पूल झाला होता. कठड्याशी आम्ही दम खायला थांबलो. खाली गुडघाभर पाणी होतं. सांगायचं तर इथेच, असं मी फाट्यावरच ठरवलं होतं.

"इंगोले, ती रेघ…" मी सुरुवात केली.

"त्या शनिवारी कपाट मीच उघडं ठेवून गेलतो," ते पाण्याकडे पाहत म्हणाले. "आरेखकानं कपाट उघडं ठेवाले नाही पाहिजे. चला, अजून सतरा चिंचोके बाकी हायेत."

आणि चालू लागले.

भेंडवाडीत लोक वाट पाहत होते. "या की नकाशाबाबा, आज येकटं न्हाई व्हय?" एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं. त्यांच्यासाठी पारावर घोंगडी अंथरलेली होती. तिथे बसल्यावर इंगोल्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कार्यालयात इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. ते लोकांना म्हणाले, "हे आमचे साहेब. तुमच्या वाडीचा रस्ता नकाशात पहिल्यांदा यांनी दाखवला."

त्यांच्या आवाजात टोमणा होता का, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. नव्हता. मला त्या रस्त्याशी जोडून घ्यायची त्यांची ती रीत होती. लोकांनी मला नारळ दिला, टोपी घातली. सरपंच म्हणाले, दोन शब्द बोला. मी उठलो. म्हणालो, रस्ता छान झाला आहे, जपून वापरा. आणि खाली बसलो.

परतताना, पुढच्या वेळी सांगू, असं मी स्वतःला बजावलं. नंतर फोन झाले, दिवाळीला फराळाचे डबे गेले, आले. सांगणं राहिलं. गेल्या थंडीत इंगोले गेले.

मी विश्रांतवाडीला भेटायला गेलो. इंगोले वहिनी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. दाराशी इंगोल्यांच्या चपला तशाच होत्या, टाचा झिजलेल्या. जरा वेळानं वहिनींनी विचारलं, "साहेब, एक सांगाल का? अकरा वर्षं ते दर गुरुवारी तिकडं काहून जात होते? मी विचारलं की म्हणायचे, थोडं काम राहिलं हाये. नोकरी तर संपली होती. मले वाटे, माह्यावर रुसून जातात."

समोरच्या बाईला उत्तर हवं होतं आणि ते माझ्यापाशी होतं. मी म्हणालो, "त्यांना चालायची आवड होती, वहिनी."

त्यांनी मान हलवली. चहा दिला. मी तो पिऊन निघालो.

वहिनी, ते तुमच्यावर रुसलेले नव्हते. माझी चूक ते जमिनीवर जाऊन दुरुस्त करत होते. हे छापून आलं की पहिली प्रत मी स्वतः तुमच्याकडे घेऊन येईन.

आणि ज्या प्रश्नाचं उत्तर मी त्या टेबलाशी दिलं नाही, चौकशीत दिलं नाही, पुलावर दिलं नाही, ते हे :

नाही, इंगोले. मी पायी गेलो नव्हतो. ओढ्याशी थांबून मागे फिरलो. ती रेघ माझी आहे. मला माफ करा.