ती स्वतः आली आहे

गोठ्यात गाय नव्हती आणि घरात नवरा नव्हता, एवढं पाहिल्यावर बनुबाईंना कोणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. गायीचं आणि छगनरावांचं मुळातच पटत नव्हतं. बनुबाई धार काढायला बसल्या की ती गरीब व्हायची, आणि छगनराव बसले की लाथ झाडायची. परवा तिनं त्यांना चरवीसकट शेणात बसवलं, तेव्हाच ते गरजले होते, "घोडेगावच्या बाजारात इकतो हिला!"

"इकून तर बघा! मग मी हाय आन् तुमी हाय," बनुबाईंनी तिथल्या तिथं बजावलं होतं. ही गाय आईविना राहिलेलं वासरू होती, तेव्हापासून त्यांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आणि आज ह्या बाबानं तिला परस्पर टेम्पोत घातलं!

मोबाईल लावला तर तो कोनाड्यातच वाजायला लागला. बनुबाईंनी पदर खोचला आणि मिळाली ती जीप पकडून बाजार गाठला.

बाजारात जिकडं बघावं तिकडं जनावरं आणि पांढऱ्या टोप्या. ह्यात एक टोपी शोधायची कशी? तेवढ्यात दोरखंडं विकणारा राम कर्ण्यावर ओरडताना दिसला. बनुबाई थेट त्याच्या पालात शिरल्या.

"भाऊ, आमच्या मानसाला जरा हाक मार."

"नाव सांगा, मावशी."

"नवऱ्याचं नाव घेऊ व्हय?"

आपल्याला छगनराव म्हणायला काही वाटत नाही; पण बनुबाईंनी लग्नात एकदा नाव घेतलं होतं, आणि तेवढ्यावर सगळा संसार भागवला होता.

"मग उखान्यात घ्या की!"

"तिकडं माझी गाय चाल्ली आन् हिथं मला उखाना सुचंल व्हय रे?"

"बरं, गाव तरी?"

"गाव बी न्हाई सांगनार. समदे भाऊबंद बाजारात हायत, वर्षभर दात काढत बसतील. तू नुस्तं म्हन, ती आलीया, त्यांनी यवहार थांबवावा."

"अवो, पन कोन ती आन् कोन ते?"

"ते त्यांना बरुबर ठावं हाय. वरड तू!"

रामनं हात टेकले. घसा खाकरून, ठेवणीतल्या भाषेत तो कर्ण्यावर सुरू झाला, "ऐका मंडळी! तिनं घरी बजावून सांगितलं होतं, की हा व्यवहार करायचा नाही. तरीही ते बाजारात आले. त्यांनी आहे तिथं थांबावं. ती स्वतः इथं आली आहे!"

रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणाऱ्यांची बोटं सुटली. एक पैलवान गडी टेम्पोच्या आडोशाला बसला. एकानं विकलेली म्हैस परत मागितली; तर घेणाऱ्यानं आधीच दावं त्याच्या हातात कोंबून पाय काढला होता, कारण त्यालाही घरून बजावलेलंच होतं. ती म्हणजे कोण, असं कोणी कोणाला विचारलं नाही. प्रत्येकाला आपापली ती कमरेवर हात ठेवून समोर दिसायला लागली होती.

थोड्याच वेळात रामच्या पालापाशी ही गर्दी! एकानं हळूच विचारलं, "दिसायला... कशी हाय ती?"

"ही काय, समोर उभी हाय!" राम म्हणाला.

आपली नाही हे बघून सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण बनुबाई खवळल्या. "तुमी कशाला आला रं? तुमाला बी घरी सांगितलं हुतं, व्हय ना? मग जनावरं घ्या आन् घराकडं व्हा!" आणि काय सांगावं, निम्मे खरंच निघाले. ज्यांना बोलावलं ते मात्र आलेच नाहीत.

ते सापडले पार टोकाला, लिंबाखाली. तोंड वाकडं करून उभे होते आणि गाय शेजारी रवंथ करत होती.

"तू हिथं कशी?" छगनराव उडाले. "आगं, सौदा ठरतच आल्ता बघ! तेवढ्यात कुनाची तरी बायकू आली म्हनून कुनी तरी कर्न्यावर वरडलं, आन् गिऱ्हाईक रुमाल टाकून पळालं!"

"तुमी न्हाई पळाला?"

"म्या कशाला पळू? माझी तर घरी हुती. आन् माझी काय अशी बाजारात बोंब मारनारी हाय?"

"मीच ती," बनुबाई म्हणाल्या.

छगनराव हसायला लागले. मागून आलेल्या गर्दीतून आवाज आला, "व्हय व्हय, हीच ती!"

"आन् मग ते कोन?" दुसऱ्यानं विचारलं.

सौदे मोडलेल्या साऱ्या बाजाराची नजर छगनरावांवर आली.

"म्या न्हवं बाबांनो!" ते हात हलवत म्हणाले. "म्या आपला नुस्ता गाय धरून उभा हाय!"

बनुबाईंनी त्यांच्या हातातला कासरा काढून घेतला आणि सगळ्यांच्या देखत, मान ताठ ठेवून, गाय घेऊन चालायला लागल्या. छगनराव टोपी डोळ्यांवर ओढून मागं मागं.

बाजार मागं पडल्यावर त्यांना कंठ फुटला. "समद्या बाजारात इज्जत घालवलीस. आगं, काय सांगायचं ते घरी सांगावं मानसानं!"

"घरीच सांगितलं हुतं," बनुबाई वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या.