डबिंगला सक्त मनाई

न्यूझीलंडमधल्या जॉन्सनव्हिलच्या मराठी रसिक मंडळाने यंदाचा चित्रपटदिन वसाहतवादाच्या निषेधार्थ साजरा करायचं ठरवलं. चित्रपट नीलांबरीने मिळवला. ती हॉस्पिटलात फार्मासिस्ट. तिथल्याच आवा नावाच्या सेनेगली नर्सचा भाऊ त्याचा दिग्दर्शक. चित्रपट तिकडच्या वोलोफ भाषेत. गोष्ट साधी : फ्रेंच अमलात एका तरुणाला आपल्याच आईचं चित्रण करायला साहेबाची परवानगी लागते. भावाची अट एकच, डबिंग नाही. नीलांबरीने आवाला तसा शब्द दिला होता.

तूर्त समितीची परवानगी लागणार होती. समिती चित्रपट पाहायला बसली.

"फ्रेंच सबटायटल्स?" अध्यक्ष बाळासाहेब कडाडले. "गुलामीची खूण! पुसून टाका. इंग्रजी घाला."

"इंग्रजीसुद्धा साहेबाचीच ना, काका?" नीलांबरीने विचारलं.

"छे गं! इंग्रजी आपली."

चिटणीस मुग्धाताईंना वेगळीच शंका. "ही आई त्या साहेबाला सारखं 'वॉव, वॉव' काय करतेय? एवढी भारावलीय?"

"'वाव', ताई. वोलोफमध्ये 'वाव' म्हणजे 'हो'."

"बघा, हा असा घोळ होतो! डबच करू या इंग्रजीत. आणि किवी उच्चार नकोत हं. 'मस्त'ऐवजी 'स्वीट अ‍ॅज' म्हणणारी आई दुःखी वाटत नाही. थेट लंडनचे हवेत. निषेध कसा, शुद्ध उच्चारात व्हावा."

अनुमोदनाचे हात वर जाऊ लागले. नीलांबरी उठून उभी राहिली.

"मी मराठी सबटायटल्स करते," ती एका दमात म्हणाली. "फुकट."

शेवटच्या शब्दाने समिती द्रवली.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत आवा अर्थ सांगायची आणि नीलांबरी तो ओवीत बसवायची. खेळाला हॉल तुडुंब भरला. पडद्यावर आई उखळाशी उभी राहिली, गाऊ लागली, आणि खाली अक्षरं उमटली :

बाजरी कुटते बाई, मुसळ घुमतं दारी
लेकाच्या जिभेवर बसली साहेबाची स्वारी

मोठी माणसं हळहळली. बाळासाहेबांनी चष्मा पुसला. आवाने नीलांबरीचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून चिमणा आवाज आला, "मम्मी, व्हॉट डझ इट से?"

मम्मी वाकून कुजबुजली. शेजारचे बाबाही वाकले. मग मागची रांग, मग सगळा हॉल. 'द ऑफिसर इज सिटिंग ऑन हिज टंग, स्वीटी...' पाहता पाहता त्या कुजबुजीत आईचं गाणं पार बुडून गेलं.

आवा दचकली. "नीला, तू तर म्हणालीस डबिंग नाही!"

"नाहीच आहे गं," नीलांबरी म्हणाली, "आम्ही घरी असंच बोलतो."