भामाआक्कांचा सवडीचा सिद्धांत

आमच्या गल्लीत चोरी झाली की पोलिसांच्या आधी भामाआक्का पोचतात. काय गेलं, कुणाचं गेलं, हे विचारत नाहीत. एकच प्रश्न, "किती वाजता?"

कुणी सांगितलं, दुपारी तीन. आक्का डोळे मिटतात. "तीनला बाया भांड्यात असत्यात. बाई न्हाई ह्यात. बाप्या धुंडा." सकाळची चोरी असली तर बाया भाकरीत. आणि तो नळाला पाणी यायचा दिवस असला, तर विषयच संपला. बीडात नळ त्याच्या मनात येईल तेव्हा येतो, त्यामुळं त्या दिवशी शहरातल्या समस्त बाया हंड्यांपाशी सापडतात आणि आक्का त्यांना एकगठ्ठा निर्दोष सोडतात. "गुन्हा करायला सवड लागती, सर," त्या मला म्हणतात. "बाईला सवड दिली कुणी?"

आक्का मूळच्या लिंबागणेशच्या. पोलीस खात्यातून हवालदार म्हणून रिटायर झाल्या, पण चाल अजून परेडचीच. आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांना बघून रस्ता देतात. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणतात, "त्या दिवशी ड्युटी लागली व्हती."

मी इथल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. बायका पुरुषांपेक्षा कमी गुन्हे का करतात, असा एक धडा आहे. सामाजिक नियंत्रण, लिंगभाव, पितृसत्ता, असे जड जड शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि पोरं ते दरवर्षी चुकीचे उतरवून घेतात. एकदा मी ओट्यावर नोट्स काढत बसलो होतो. आक्कांनी विषय विचारला आणि म्हणाल्या, "ह्याला पुस्तक कावून लागतंय? मला बोलवा की."

मी खरंच बोलावलं.

कडक इस्त्रीच्या साडीत त्या वर्गात शिरल्या आणि म्हणाल्या, "बसा खाली!" सगळे बसलेलेच होते. घाबरून दोघं उठले आणि पुन्हा बसले.

"दिवे लागायच्या आत कुणाकुणाला घरी जावं लागतंय? हात वर."

मुलींचे सगळे हात वर.

"पोरं?"

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मागच्या बाकावरच्या एकानं अर्धा हात उचलला. "मॅडम, मला म्हशीची धार काढायची असती."

"मग तू बी चोर व्हायचा न्हाईस. म्हशीनं वाचवलं तुला."

वर्ग हसला. तेवढ्यात एक जण उभा राहिला. "पण मॅडम, बाया मुळातच सोशिक असतात ना?"

"दाव्याला बांधलेली गाय दुसऱ्याच्या रानात शिरंना, म्हणून तिला शहाणी म्हणतो का बे? दावं बघ की आधी."

माझे तीन तास ज्यात जातात, ते आक्कांनी एका दाव्यात बांधलं. मी गुपचूप लिहून घेतलं.

एका मुलीनं विचारलं, "पण पोलीस बायांना सोडून देतात म्हणं?"

"रडणारीला सोडत्यात. डोक्यावर पदर, कडंवर लेकरू, 'दादा, चुकले' म्हणली की सायेब पाघळतो. जी नजरंला नजर देती, तिला डबल. एक कायदा मोडल्याची आन् एक बाईपण मोडल्याची. मी दोनी बघितल्यात."

"मग एखादी बाई गुन्हा करती, ती कावून करती?"

आक्कांनी टेबलावरची पिशवी उचलली. मग म्हणाल्या, "बसची वेळ झाली," आणि निघाल्या.

मी त्यांना स्कूटरवर एसटी स्टँडला सोडायला गेलो. त्यांच्या पिशवीत साबण, तेलाची बाटली आणि एक नवं पातळ होतं. स्टँडच्या बाकावर बसल्यावर कुठं निघालात, विचारलं.

"जेलात."

मला वाटलं, चेष्टा. पण त्या खरंच सांगत होत्या. तेलगावकडची एक रुक्मिण होती. नवरा रोज मारायचा. एका दुपारी रानात तो खुरपं घेऊन अंगावर आला, तेच हिनं हिसकावलं आणि चालवलं. तो गेला. ही हातपाय धुऊन स्वतःच ठाण्यात आली. "तिला जेलापर्यंत मीच नेलं, सर. वाटंत मला इचारती, तिथं तरी मार न्हाई ना?"

"आणि आता तुम्ही भेटायला जाता?"

"भेटीच्या दिवशी तुमी कधी गेलते का तिकडं? बाप्यांच्या खिडकीला ही रांग. आया, बायका, बहिणी. बायांच्या खिडकीला कुणी न्हाई. सासरचं न्हाई, म्हायेरचं बी न्हाई. बापे सुटून घरी येत्यात, बाई सुटली तरी घर न्हाई."

"नातं काय सांगता?"

"बहीण," आक्का म्हणाल्या आणि बस लागल्याचं निमित्त करून उठल्या.

मागच्या उन्हाळ्यात रुक्मिण सुटली. आणायला मी चारचाकी काढली. वाटेत आक्कांनी गाडीच्या आरशात बघून चारदा केस नीट केले. जेलच्या मोठ्या दारातलं लहान दार उघडलं आणि एक वाळकी बाई गाठोडं घेऊन बाहेर आली. आक्कांपुढं येऊन थांबली.

"आक्का, आता मी कुठं जाऊ?"

"माज्या घरी दोन खोल्या हायत," आक्का म्हणाल्या. आवाज अजून हवालदाराचाच होता. "एकीत मी ऱ्हाते. दुसरी उगंच रोज झाडून ठिवते."

आक्कांनी तिच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं. दोघी मागच्या सीटवर बसल्या. हुंदका कुणाचा, ते मला कळलं नाही. मी आरसा दुसरीकडं फिरवला आणि गाडी सुरू केली.