नरहररावांचं प्रॉबेब्ली

शेजारच्या नरहररावांना वार विचारला की ते म्हणत, "आज प्रॉबेब्ली बुधवार." समोर भिंतीवर कॅलेंडर, त्यावर ठळक बुधवार, तरी प्रॉबेब्ली. नातीच्या बारशाला "नाव प्रॉबेब्ली सुमन" असं सांगून त्यांनी विहीणबाईंचा चेहरा उतरवला होता.

मी इंग्रजीचा मास्तर. माझं डोकंच उठायचं.

"काका, शंका असेल तिथंच वापरतात हा शब्द."

"शंका कुठं नाय, मास्तर?" असं म्हणून ते सुपारी कातरायला घेत.

निजामाच्या राज्यात ते तहसील कचेरीत कारकून होते. तिथं पुढचं काही बोलायचं तर 'इन्शाअल्ला', म्हणजे देवाची मर्जी असेल तर, असं जोडायची रीत. हिंदू असो की मुसलमान, नुसतं "उद्या देतो" म्हणणं उर्मटपणाचं वाटे. पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामी गेली, बाहेरून नवे साहेब आले, त्यांना हे चालेना. नरहररावांनी मग त्या जागी सरळ इंग्रजी शब्द बसवला. साहेबांची बोलतीच बंद. पुढं तो शब्द कचेरीतून घरी आला आणि दिसेल त्याला चिकटला.

गेल्या वर्षी काकू गेल्या. पुण्याची मुलगी न्यायला आली, तेव्हा मी तिथंच होतो. "बाबा, येताय ना कायमचे?"

"नाय येणार."

आम्ही दोघंही पुढच्या शब्दाची वाट बघत राहिलो. तो आलाच नाही. बिचारी डोळे पुसत एकटी परत गेली.

संध्याकाळी मी रागानंच विचारलं, "आजच एवढं ठाम कसं बोललात?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "हमीद माझ्या बाजूच्या टेबलावर होता. पाणी प्यायला उठला तरी म्हणायचा, 'अब्बी आतूं, इन्शाअल्ला.' अ‍ॅक्शननंतर घरच्यांसंगं कराचीला निघाला. स्टेशनावर लई गर्दी. डब्यातून ओरडला, 'नरहर, मकान मत बदल, मैं वापस आतूं.' गाडी हलली, अन् तेवढा शब्द म्हणायचा राहिला त्याचा. त्याच्या वाटचा मी म्हणतोय. मकान बदलायचं नाय, तेवढं मात्र पक्कं."

"म्हणून बुधवारलासुद्धा?"

"कुठला लागू पडंल, काय सांगावं."

उठता उठता म्हणालो, "उद्या येतो, काका." त्यांनी माझा हात धरला, तो सोडेनात.

"प्रॉबेब्ली," मी म्हणालो.

मग त्यांनी हात सोडला.