आणि नाही मिळालं तर?

आमच्या आपटेकर सरांना चहा विचारला, की ते हो किंवा नाही म्हणत नाहीत. "आणि दूध नसलं तर?" असं विचारतात. अहो, विचारणारा माणूस दूध बघूनच आलेला असतो! पण नाही. "नसलं तर कोरा चालेल," एवढं ठरल्याशिवाय स्वारी खुर्चीवर टेकायची नाही.

मी त्यांच्या हाताखाली काम करते आणि पनवेलला त्यांच्याच सोसायटीत, एक मजला खाली राहते. म्हणजे सुटका कुठेच नाही. आमचं काम ड्रायव्हर लिहायचं. गाडी चालवणारा नव्हे हो. एखादं यंत्र आणि कॉम्प्युटर यांचं आपसांत जमवून देणारा प्रोग्राम. हा ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमला विनवतो, की बाई गं, या यंत्राची मेमरी मला एका पत्त्यावर जोडून दे. बहुतेक वेळा ती देते. कधीतरी देत नाही. सरांचा सगळा जीव त्या 'कधीतरी'त अडकलेला.

द्रोणागिरीच्या एका गोदामात कंटेनरचे फोटो काढणारा आमचा कॅमेरा सारखा अख्खा कॉम्प्युटर बंद पाडायचा. आम्ही गेलो की वॉचमन गेटवरूनच ओरडायचा, "सायेब, आज बी बंदच हाय!" आम्ही केबल बदलल्या, कार्ड बदललं. शेवटी सरांनी कोड उघडला आणि कपाळाला हात लावला.

"हे बघा. जागा मागितली, मिळाली नाही, तरी पठ्ठ्या आत शिरला! कुणाच्या घरात शिरला, देव जाणे."

कोड लिहिताना आमच्या ऑफिसातल्या निखिलने सिस्टिमचं उत्तर तपासलंच नव्हतं. त्याने लगेच दुरुस्ती केली: नकार आला तर ड्रायव्हरने गुपचूप बाहेर पडायचं. सर आणखीच भडकले.

"आणि त्याआधी जे घेतलंयस ते कोण परत करणार? तुझा काका?"

हा त्यांचा दुसरा नियम. एक गोष्ट मिळाली नाही, की तोवर घेतलेलं सगळं उलट्या क्रमाने परत करायचं. शेवटी घेतलेलं आधी, पहिलं सगळ्यांत शेवटी. काहीही अडकवून ठेवायचं नाही. एकदा आपट्याला, त्यांच्या मूळ गावी, नदीकाठी सहल नेली आणि बसायला जागाच मिळेना. सरांनी आधी भेळेचे डबे गाडीत ठेवायला लावले, मग सतरंज्या, मग आम्हाला. भूक लागली म्हणून डबा उघडणाऱ्या निखिलकडे त्यांनी असं काही बघितलं, की बिचाऱ्याने हातातली पुरीसुद्धा परत ठेवली.

सर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. नातेवाईक बहुतेक सगळे इस्राएलला गेले. मग लेक रिव्काही लग्न होऊन गेली. बायको वारल्यापासून घरात एकटेच. यंदा रिव्का येणार होती, लग्नानंतर पहिल्यांदा. ती पोचली की मलिदा करायचा, म्हणजे गोड पोहे, खोबरं, फळं मांडून एलियाहू पैगंबराच्या नावाने प्रार्थना करायची, असं सर ज्याला त्याला सांगत सुटले होते.

मी संधी सोडते होय? म्हटलं, "सर, आणि नाही आली तर?"

"येते म्हणालीय ना ती," सर म्हणाले. विषय संपला.

ज्या दिवशी ती पोचणार होती, त्या दिवशी दुपारी त्यांची हाक आली. "मेघना, जरा वर ये गं."

रिव्काच्या खोलीत ते उभे होते. "तिकडून विमानंच रद्द झालीत. पुन्हा कधी सुटतील, कुणी सांगत नाही. फोनवर रडत होती गं." मग म्हणाले, "हे मी तपासलंच नाही. पोहेसुद्धा भिजवून ठेवलेत."

इतकी वर्षं आम्हाला छळणाऱ्या या माणसाने स्वतःच्या आनंदाला मात्र 'नाही तर' जोडलंच नव्हतं.

मग त्यांनी आवरायला घेतलं. अर्थातच उलट्या क्रमाने. शेवटी आणलेली फुलं आधी उचलली. मग टेबलफॅन, नवी चादर, पडदा. मी स्टूल धरून उभी राहिले. पोहे काही पुन्हा कोरडे होणार नव्हते, म्हणून आम्ही त्यात खोबरं आणि साखर घालून दोन वाट्या भरल्या. सरांनी डोळे मिटून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि आम्ही वाट्या संपवल्या.

निघताना दाराशी माझं लक्ष गेलं. तयारीला लागले तेव्हा सरांनी सगळ्यांत आधी रिव्काच्या जुन्या चपला धुऊन तिथे ठेवल्या होत्या. त्या अजून तिथेच होत्या.

"सर, एक राहिलं."

"माहीत आहे," सर म्हणाले. "राहू दे ते."

मी माझ्या चपला घातल्या, तिच्या चपलांना धक्का लागणार नाही अशा बेताने.